पाण्यात म्हैस, बाहेर मोल

फेब्रुवारी २०१९ मध्ये ब्रिटनमधील 'रेट्रो कॉम्प्युटर्स लिमिटेड' ही एक लहानशी कंपनी अवसायनात गेली. अवसायन हा शब्द महाराष्ट्रातील ठेवीदारांच्या चांगल्या परिचयाचा आहे. बुडालेल्या सहकारी बँका आणि पतसंस्था यांनी तो घरोघरी पोहोचवला. मात्र या ब्रिटिश कंपनीत ज्या चार हजार सातशेहून अधिक लोकांचे पैसे अडकले, ते ठेवीदार नव्हते. ते भागधारक नव्हते, सावकार नव्हते, आणि रूढ अर्थाने ते ग्राहकही नव्हते. त्यांना 'बॅकर' असे गोंडस नाव होते. बॅकर म्हणजे पाठीराखा. ज्याला वस्तू मिळाली नाही तरी ज्याने पाठ राखतच राहावे, तो पाठीराखा!

हकिकत अशी. सर क्लाइव्ह सिंक्लेअर यांनी १९८२ साली बाजारात आणलेला 'झेडएक्स स्पेक्ट्रम' हा स्वस्त घरगुती संगणक ब्रिटनमधील एका संपूर्ण पिढीच्या बालपणाचा सोबती होता. भारतातही १९८०च्या दशकात डेसिबेल्स इलेक्ट्रॉनिक्सने त्याची परवान्याखालील आवृत्ती विकली होती, आणि आज पन्नाशीत असलेल्या काही भारतीय अभियंत्यांनी संगणकाचा कळफलक प्रथम पाहिला तो त्याचाच. या स्पेक्ट्रमवरील एक हजार खेळ हातात धरण्याजोग्या यंत्रात घालून देण्याचे आश्वासन कंपनीने फेब्रुवारी २०१६ मध्ये 'इंडीगोगो' या अमेरिकी संकेतस्थळावरून दिले. यंत्राचे नाव 'व्हेगा प्लस', किंमत शंभर पौंड, आणि ते त्याच वर्षी हाती पडणार होते. पाठीशी खुद्द सिंक्लेअर यांचे नाव होते. एवढेच नव्हे, तर याच कंपनीने आधी याच मार्गाने पैसे गोळा करून 'व्हेगा' नावाचे टीव्हीला जोडायचे यंत्र बनवले होते आणि ते लोकांपर्यंत पोहोचवलेही होते. विश्वास ठेवावा यासाठी याहून अधिक काय हवे? पाच लाख पौंडांहून अधिक रक्कम जमा झाली.

पुढे संचालकांमध्येच भांडण झाले. तारखा पुढे ढकलल्या गेल्या, पुन्हा ढकलल्या गेल्या. २०१८ च्या उन्हाळ्यात ज्या संकेतस्थळावर पैसे गोळा झाले, त्याच संकेतस्थळाला ते परत मिळवण्यासाठी वसुली करणाऱ्यांची नेमणूक करण्याची घोषणा करावी लागली. त्यानंतर काही शे यंत्रे टपालाने रवाना झाली. ज्यांच्या हाती ती पडली, त्यांना कबूल केलेले हजार खेळ त्यात आढळले नाहीत. बटणांचा दर्जाही यथातथाच होता. स्पेक्ट्रमच्या नाममुद्रेचा हक्क असलेल्या 'स्काय' कंपनीने परवाना काढून घेतला आणि उरलासुरला डोलारा कोसळला.

हा एकच प्रसंग असता तर तो विसरून जाता आला असता. परंतु गेल्या तेरा-चौदा वर्षांत खेळांच्या यंत्रांभोवती अशा मोहिमांची एक रांगच उभी राहिली, आणि तिची जातकुळी समजून घेणे आपल्याकडील मध्यमवर्गीय कुटुंबांनाही आवश्यक झाले आहे. पुण्या-ठाण्याच्या संगणक अभियंत्याच्या खिशात आंतरराष्ट्रीय कार्ड आहे, त्याच्या महाविद्यालयीन मुलाच्या भ्रमणध्वनीवर दररोज नव्या यंत्राची चित्रफीत येऊन आदळते, आणि 'आज पैसे भरा, वस्तू पुढच्या वर्षी' हे वाक्य आता कोणालाही चमत्कारिक वाटेनासे झाले आहे.

'किकस्टार्टर' हे संकेतस्थळ अमेरिकेत २००९ साली सुरू झाले. कल्पना मुळात वाईट नव्हती. एखाद्या कलावंताला पुस्तक काढायचे आहे, लघुपट करायचा आहे. त्याने अपेक्षित रक्कम आणि मुदत जाहीर करावी, लोकांनी यथाशक्ति पैसे द्यावेत, मुदतीत रक्कम पूर्ण झाली तरच पैसे वळते व्हावेत आणि बदल्यात देणाऱ्याला पुस्तकाची प्रत मिळावी. संकेतस्थळ आपले पाच टक्के कापून घेते. काम पुरे होईल की नाही, याची जबाबदारी मात्र ते घेत नाही. चित्रकाराच्या बाबतीत ही व्यवस्था चालून जाते. फार तर एक चित्र कमी होईल. प्रश्न उभा राहिला तो या व्यासपीठावर कारखानदारी चढली तेव्हा.

जुलै २०१२ मध्ये 'उया' नावाच्या यंत्राची मोहीम किकस्टार्टरवर झळकली. टीव्हीला जोडायचे, अँड्रॉइडवर चालणारे, मुठीत मावणारे चौकोनी यंत्र. किंमत ९९ डॉलर, म्हणजे तेव्हाच्या दराने सुमारे साडेपाच हजार रुपये. सोनी, मायक्रोसॉफ्ट आणि निंतेंदो या तीन बड्यांची मक्तेदारी मोडायची, कोणाही तरुणाला आपला खेळ त्यावर विकता यावा आणि प्रत्येक खेळ आधी फुकट चाखून पाहता यावा, अशी घोषणा होती. मक्तेदारी मोडण्याची भाषा तरुणांना नेहमीच भावते. साडेनऊ लाख डॉलरचे उद्दिष्ट सुमारे आठ तासांत पूर्ण झाले. मुदत संपली तेव्हा ६३ हजारांहून अधिक लोकांनी ८५ लाख डॉलरहून अधिक, म्हणजे पंचेचाळीस कोटी रुपयांच्या वर रक्कम दिलेली होती. यंत्र तेव्हा विक्रीला तयार नव्हते. त्यावरचे खेळ तर बहुतांशी कोणाच्या कल्पनेतही नव्हते. पाण्यात म्हैस, बाहेर मोल, असे आपल्याकडे म्हणतात. येथे म्हैस पाण्यातसुद्धा नव्हती, तिचे चित्र काढून दाखवले होते.

उयाच्या बाबतीत न्यायाने हे सांगितले पाहिजे की यंत्र खरोखर तयार झाले. जून २०१३ मध्ये ते अमेरिकेतील दुकानांत आले. परंतु दुकानात ते कोणालाही विकत मिळत असताना, ज्यांच्या पैशावर ते उभे राहिले त्या पाठीराख्यांपैकी अनेकांच्या घरी ते अद्याप पोहोचलेले नव्हते. खेळण्याच्या नियंत्रकाची बटणे वरच्या पत्र्याखाली अडकून बसत. त्यातील 'टेग्रा ३' हा संस्कारक मोहिमेच्या वेळी बऱ्यापैकी होता, यंत्र हाती येईपर्यंत भ्रमणध्वनींनी त्याला मागे टाकले. खेळ कमी म्हणून ग्राहक कमी, आणि ग्राहक कमी म्हणून खेळ कमी, या फेऱ्यात उया सापडले. त्यातून सुटण्यासाठी कंपनीने आणखी एक शक्कल लढवली. जे खेळ किकस्टार्टरवर पन्नास हजार डॉलरहून अधिक उभे करतील, त्यांना तेवढीच रक्कम आपण आपल्या दहा लाखांच्या निधीतून देऊ, असे तिने २०१३ मध्ये जाहीर केले. लगेच काही मोहिमांमध्ये मूठभर माणसांकडून संशयास्पदरीत्या मोठमोठ्या रकमा जमा होताना दिसू लागल्या, गहजब झाला आणि नियम बदलावे लागले. लोकवर्गणीवर जन्मलेल्या कंपनीलाच लोकवर्गणीचा आकडा फुगवता येतो हे असे कळून आले. २०१५ मध्ये 'रेझर' कंपनीने उयाची आज्ञावली आणि मनुष्यबळ विकत घेतले; यंत्र घेतले नाही. २५ जून २०१९ रोजी त्याची सेवा बंद झाली आणि त्या दिवसानंतर घरोघरच्या उया यंत्रांचा मुख्य उपयोग संपला.

येथे कोणी चोरी केली का? बहुधा नाही. आणि नेमकी हीच गोष्ट ध्यानात येणे अवघड जाते. चोर ओळखता येतो. स्वतःच्या स्वप्नावर प्रामाणिकपणे भाळलेला माणूस ओळखता येत नाही. अमेरिकेतील पेनसिल्व्हेनिया विद्यापीठाच्या व्हॉर्टन संस्थेतील अभ्यासक इथन मोलिक यांनी किकस्टार्टरवरील मोहिमांचा अभ्यास केला, तेव्हा पैसे जमा होऊनही कबूल केलेली गोष्ट न दिल्याचे प्रमाण सुमारे नऊ टक्के निघाले. म्हणजे दहापैकी नऊ जण शब्द पाळतात. त्यांच्याच आधीच्या एका अभ्यासात मात्र असेही आढळले होते की तीन चतुर्थांशांहून अधिक मोहिमांच्या वस्तू जाहीर केलेल्या तारखेनंतर पोहोचल्या. या दोन निष्कर्षांच्या मधोमध सारे दुखणे आहे. आणि त्या नऊ टक्क्यांत पुस्तके, गाणी, नाटके असे सगळेच प्रकार आहेत. यंत्राची गोष्ट त्याहून बिकट असते, याचे कारण यंत्राच्या प्रकृतीतच आहे.

आज्ञावलीची एक प्रत आणि लाखावी प्रत यांच्या खर्चात फारसा फरक नसतो. यंत्राचे तसे नाही. प्लॅस्टिकच्या एका साध्या कवचासाठी पोलादी साचा घडवावा लागतो. त्याला हजारो डॉलर पडतात आणि तो चुकला तर पुन्हा घडवावा लागतो. चीनमधील कारखाना ठरावीक संख्येखाली मागणी स्वीकारत नाही. विद्युत सुरक्षेची व किरणोत्सर्जनाची प्रमाणपत्रे प्रत्येक देशात वेगळी. सुटे भाग महिनोन्महिने आधी नोंदवावे लागतात, आणि बड्या भ्रमणध्वनी कंपनीची मागणी आली की छोट्याचा क्रमांक आपोआप मागे जातो. जहाजभाडे, सीमाशुल्क, दुरुस्तीला परत आलेला माल हे निराळेच. बड्या कंपन्या हा खर्च कसा झेलतात? यंत्र खर्चाच्या आसपास किंवा खर्चापेक्षाही कमी किमतीला विकून, आणि पुढे वर्षानुवर्षे खेळांच्या विक्रीतून तो भरून काढून. सोनीने २००६ मध्ये 'प्लेस्टेशन ३' तोट्यात विकले ते याच हिशेबाने. ज्या नवख्या कंपनीजवळ ना खेळ, ना भांडवल, ना कारखान्याचा अनुभव, ती जेव्हा मोहिमेच्या पहिल्याच दिवशी किंमत आणि तारीख दोन्ही जाहीर करते, तेव्हा ती स्वतःच्याच गळ्यात फास अडकवून घेत असते. शंभर डॉलरला विकलेल्या यंत्राचा खर्च पुढे सव्वाशे निघाला, तर जितकी अधिक नोंदणी तितका अधिक तोटा! मोहिमेचे भरघोस यश हेच कंपनीच्या मृत्यूचे कारण ठरू शकते, हे चित्रफितीतील संगीताच्या तालावर कोणी सांगत नाही.

खुद्द किकस्टार्टरला हे उमगले होते. सप्टेंबर २०१२ मध्ये, म्हणजे उयाची मोहीम संपून महिनाभर झाला असतानाच, त्याने 'हे दुकान नव्हे' असे जाहीर करून यंत्रांच्या मोहिमांमध्ये संगणकावर रंगवलेली देखणी काल्पनिक चित्रे दाखवण्यास मनाई केली. जे हातात आहे तेच दाखवा, असा दंडक घातला. दंडक योग्यच होता. पण हातात असलेलेच जर बनावट असेल तर?

त्याचेही उदाहरण घडले, आणि ते इतके विनोदी आहे की नाटककारालाही सुचले नसते. अमेरिकेतील एका गृहस्थाने 'अटारी जग्वार' या जुन्या यंत्राच्या कवचाचे साचे विकत घेतले. हे साचे मधल्या काळात दंतवैद्यांच्या कॅमेऱ्याचे कवच बनवण्यासाठी वापरले जात होते. कवच हाती आले, आत काय घालायचे ते नंतर पाहू, अशा थाटात 'रेट्रो व्हीजीएस' नावाची मोहीम २०१५ मध्ये इंडीगोगोवर उभी राहिली. साडेएकोणीस लाख डॉलर मागितले, त्याच्या दहा टक्केही जमले नाहीत. मग 'कोलेको' हे १९८०च्या दशकातील प्रतिष्ठित नाव भाड्याने घेऊन तेच यंत्र 'कोलेको कमेलियन' म्हणून फेब्रुवारी २०१६ मध्ये न्यूयॉर्कच्या खेळणी प्रदर्शनात मांडण्यात आले. कमेलियन म्हणजे सरडा! नाव ठेवणाऱ्याला तेवढे तरी भान असावे. प्रदर्शनातील छायाचित्रे बारकाईने पाहून हौशी जाणकारांनी असा निष्कर्ष काढला की आत निंतेंदोचे जुने यंत्र बसवलेले आहे. शंका फिटावी म्हणून कंपनीने पारदर्शक कवचातील यंत्राचे छायाचित्र प्रसिद्ध केले, तर आतील हिरवी पाटी ही संगणकात बसवायचे, चित्रीकरण नोंदवण्याचे जुने कार्ड असल्याचे त्याच मंडळींनी दाखवून दिले. कोलेको नावाच्या मालकांनी प्रत्यक्ष यंत्र तपासणीसाठी मागितले आणि मार्च २०१६ मध्ये संबंध तोडले. किकस्टार्टरवरील नियोजित मोहीम सुरूच झाली नाही. लोकांचे पैसे वाचले. ते सरकारी खात्याने वाचवले नाहीत, संकेतस्थळाने तर नाहीच नाही. जुन्या यंत्रांचे अंतरंग पाठ असलेल्या काही छांदिष्टांनी रात्री जागून ते वाचवले.

याच्या अगदी उलट टोकाचे उदाहरण 'ऑक्युलस'चे. डोळ्यांवर बांधून आभासी जगात वावरण्याच्या या यंत्रासाठी ऑगस्ट २०१२ मध्ये साडेनऊ हजार लोकांनी सुमारे २४ लाख डॉलर दिले. यंत्राचे प्राथमिक संच लोकांना मिळाले, कंपनी नावारूपाला आली आणि मार्च २०१४ मध्ये फेसबुकने ती दोन अब्ज डॉलरला विकत घेत असल्याचे जाहीर केले. ज्यांनी कोणी ओळखत नसताना पैसे दिले, त्यांना या दोन अब्जांतून काय मिळाले? पुढे जानेवारी २०१६ मध्ये, ज्यांनी प्राथमिक संचासाठी पैसे भरले होते त्यांना नवे यंत्र मोफत देण्याचे कंपनीने जाहीर केले. ती सद्भावना होती, हक्क नव्हता. म्हणजे बुडाले तर पाठीराख्याचे, आणि तरले तर भांडवलदाराचे. जोखीम पत्करण्याच्या बदल्यात नफ्याचा वाटा, हा भांडवलशाहीचा स्वतःचाच नियम. तो गुंडाळून ठेवून केवळ जोखीम तेवढी सर्वसामान्यांच्या खांद्यावर सरकवण्याची ही युक्ती आहे. तिला 'लोकशाहीकरण' असे नाव देण्यात आले, हे तर विशेषच.

'इंटेलिव्हिजन अमिको'ची कथा थोडी निराळी, म्हणून तिचा उल्लेख. २०१८ मध्ये घोषित झालेले हे कौटुंबिक खेळांचे यंत्र १० ऑक्टोबर २०२० रोजी येणार होते. ते आले नाही. २०२१ मधल्या तारखाही उलटल्या. येथे काही रक्कम आगाऊ नोंदणीतून, तर काही छोट्या गुंतवणूकदारांकडून रीतसर रोख्यांच्या रूपाने घेतलेली होती. त्यामुळे कायद्यानुसार आर्थिक कागदपत्रे दाखल करावी लागली, आणि कंपनीचा हात किती आखडला आहे हे त्या कागदांतून लोकांना वाचता आले. मे २०२४ मध्ये अटारीने इंटेलिव्हिजन हे नाव विकत घेतले, तोवर अमिको ग्राहकांच्या दिवाणखान्यात पोहोचलेले नव्हते. पैसे बुडणे कागदांनी टळले नाही, हे खरे. पण निदान अंधारात बुडाले नाहीत.

अशा मोहिमा सफल होतच नाहीत असे मात्र नाही. स्पेक्ट्रमचेच उदाहरण घ्यावे. व्हेगा प्लसचे रडगाणे चालू असतानाच, २०१७ मध्ये 'झेडएक्स स्पेक्ट्रम नेक्स्ट' या नावाने दुसऱ्या एका गटाने किकस्टार्टरवर आवाहन केले. तोच जुना संगणक, तीच स्मृतिकातरता, बहुधा बरीचशी तीच माणसे पैसे देणारी. तीन हजारांहून अधिक लोकांनी सात लाख पौंडांच्या वर रक्कम दिली. यंत्र २०१८ च्या आरंभी देण्याचे ठरले होते. प्रत्यक्षात ते २०२० मध्ये पोहोचले. मधल्या काळात मूळ स्पेक्ट्रमचे कवच रेखाटणारे आणि याही यंत्राचे कवच रेखाटलेले रिक डिकिन्सन यांचे एप्रिल २०१८ मध्ये निधन झाले. कळफलक मनासारखा होईना म्हणून काम अडून राहिले. तरीही असंतोष भडकला नाही. कारण आतील मुख्य पाटी मागवलेल्यांना ती आधीच मिळालेली होती, काय अडले आहे हे वेळोवेळी छायाचित्रांसह सांगितले जात होते, आणि जे यंत्र अखेर हाती आले ते कबूल केल्याप्रमाणे होते. दोन वर्षांचा उशीर लोकांनी सोसला, तो अंधारात ठेवले गेले नाही म्हणून.

भारतीय वाचकाला या साऱ्यात काही ओळखीचे वाटले, तर ते साहजिक आहे. ज्या फेब्रुवारी २०१६ मध्ये व्हेगा प्लस आणि कमेलियन यांचे नाटक तिकडे सुरू झाले, त्याच महिन्यात नोएडातील एका कंपनीने 'फ्रीडम २५१' हा स्मार्टफोन अवघ्या २५१ रुपयांना देण्याची घोषणा केली. पहिल्याच दिवशी संकेतस्थळ कोलमडले. कोट्यवधींनी नोंदणी केल्याचा दावा कंपनीने केला. पत्रकारांना दाखवलेल्या नमुन्यावरील दुसऱ्याच कंपनीचे नाव पांढऱ्या रंगाने झाकलेले आढळले. समारंभाच्या व्यासपीठावर डॉ. मुरली मनोहर जोशी यांच्यासारखे ज्येष्ठ आणि विज्ञानाचे जाणकार नेते उपस्थित होते, ही गोष्ट राष्ट्रवादी विचाराच्या माणसाला टोचल्याखेरीज राहत नाही. 'मेक इन इंडिया'चे नाव घेतले की तपासणी न करता मान डोलवावी, असा समज काहींचा झालेला असतो. त्याच पक्षाचे मुंबईचे तत्कालीन खासदार किरीट सोमय्या यांनी हा प्रकार फसवा असल्याचे लागलीच जाहीरपणे सांगितले, हेही नोंदवले पाहिजे. आपल्याच मांडवातील चूक आपल्याच माणसाने दाखवणे यात कमीपणा नाही. त्याआधी ऑक्टोबर २०११ मध्ये काँग्रेस राजवटीने 'आकाश' या स्वस्त टॅबलेटचा असाच गाजावाजा केला होता. स्वस्त यंत्राचा मोह पक्ष पाहून येत नाही.

लोकवर्गणी ही गोष्ट मराठी माणसाला अमेरिकेतून शिकण्याची गरज नाही. अंताजी दामोदर काळे यांनी पै-पैसा गोळा करून स्वदेशी उद्योगासाठी 'पैसा फंड' उभा केला, लोकमान्य टिळकांनी त्याला पाठबळ दिले, आणि त्यातून १९०८ साली तळेगाव येथे काचेचा कारखाना निघाला. परदेशात काचविद्या शिकून आलेले ईश्वरदास वार्ष्णेय यांच्या हाती त्याचे तांत्रिक काम देण्यात आले. म्हणजे भट्टी पेटवण्याआधी भट्टीचे शास्त्र जाणणारा माणूस शोधला गेला. कन्याकुमारीचे विवेकानंद शिलास्मारक १९७० मध्ये पूर्ण झाले, त्यासाठी एकनाथजी रानडे यांनी देशभरातील लाखो सामान्य माणसांकडून एक-एक रुपया जमा केला. त्या एका रुपयाच्या बदल्यात कोणाला काही वस्तू मिळणार नव्हती; तरी त्याची पावती होती, आणि पावती फाडणारा कार्यकर्ता देणाऱ्याच्या गल्लीत राहत होता. गणेशोत्सव मंडळाच्या वर्गणीचा हिशेब फलकावर लागला नाही तर चाळीत काय होते, हे सांगायला नको. तेथे वर्गणीदार दर वर्षी खजिनदारासमोर उभा राहू शकतो. समुद्रापलीकडच्या संकेतस्थळावर कार्ड क्रमांक टाकणाऱ्यास खजिनदाराचा चेहराही ठाऊक नसतो.

'ग्राहक' या शब्दाला मान मिळवून देण्यासाठी आपल्याकडे मोठा लढा द्यावा लागला. बिंदुमाधव जोशी यांनी १९७४ मध्ये पुण्यात ग्राहक पंचायतीची मुहूर्तमेढ रोवली, तेव्हा दुकानदाराला प्रश्न विचारणे हाच उद्धटपणा समजला जाई. १९८६ चा ग्राहक संरक्षण कायदा आणि त्याची जागा घेणारा २०१९ चा कायदा यांनी ग्राहकाला तक्रारीचा, भरपाईचा हक्क दिला. ऑनलाइन खरेदीही त्याच्या कक्षेत आली. परंतु समोरचा जर म्हणाला की हे दुकान नव्हे, हा सौदा नव्हे, तुम्ही ग्राहक नव्हे, तर तुम्ही आमचे पाठीराखे, तर तो हक्क सांगायचा कोठे? अमेरिकेतही हा पेच सुटलेला नाही. तेथील फेडरल ट्रेड कमिशनने २०१५ मध्ये लोकवर्गणीच्या क्षेत्रातील आपली पहिली कारवाई केली, तीही योगायोगाने एका पटावरील खेळाच्या प्रकरणात. खेळ छापण्यासाठी जमवलेल्या एक लाख बावीस हजार डॉलरपैकी बरीच रक्कम संबंधिताने घरभाडे आणि खासगी खर्चाकडे वळवली, असा ठपका होता. एक लाख अकरा हजार डॉलरहून अधिक भरपाईचा आदेश निघाला, आणि देण्याची ऐपत नाही म्हणून तो तहकूबही ठेवला गेला. आपल्याकडे सेबीने जून २०१४ मध्ये लोकनिधीवर चर्चापत्र काढले, २०१६ मध्ये अनधिकृत व्यासपीठांबाबत गुंतवणूकदारांना सावध केले. पण हा सारा विचार समभागांपुरता. खेळण्याची आगाऊ नोंदणी त्यात कोठेच बसत नाही.

हे काम ग्राहक चळवळीनेच आता हाती घेण्याजोगे आहे. भारतातून पैसे स्वीकारणाऱ्या प्रत्येक मोहिमेने यंत्राचा चालता नमुना त्रयस्थाला दाखवला आहे का, साच्याचा आणि कारखान्याचा खर्च किमतीत धरला आहे का, जमा रकमेचा हिशेब कोणत्या तारखांना जाहीर होणार आणि माल न आल्यास परतफेड कोणाकडे मागायची, एवढे तरी पैसे घेण्याआधी छापून सांगावे, अशी मागणी अवाजवी नाही. तोवर घरातल्या घरात एक साधी गोष्ट करता येईल. मुलगा जेव्हा संगणकावरील झगमगती चित्रफीत दाखवून आठ-दहा हजार रुपये मागेल, तेव्हा त्याला एकदम नकार न देता, हेच यंत्र दुकानात आल्यावर, चार लोकांनी वापरून पाहिल्यावर घेतले तर काय बिघडेल, असे विचारावे. 'आता घेतले तर वीस टक्के स्वस्त पडते' असे उत्तर बहुधा येईल. मग दोघांनी मिळून कागद घ्यावा आणि त्या वीस टक्क्यांपुढे सीमाशुल्क, दीड-दोन वर्षांची प्रतीक्षा आणि अवसायनात गेलेल्या कंपनीची पावती यांचा हिशेब मांडून पाहावा.